कंपनी बुडते तेव्हा रांग कोण लावतं? दिवाळखोरीच्या वकिलाचं काम, सोप्या भाषेत

भोसरीहून एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. हातात साड्यांच्या दुकानातली कापडी पिशवी. पिशवीत डिलिव्हरी चलनं, इनव्हॉइस, बँकेची स्टेटमेंटं, सगळं पंच करून दोऱ्यानं बांधलेलं. एका मोठ्या कंपनीला ते मशीनचे सुटे भाग पुरवायचे. थकबाकी १ कोटी १८ लाख. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) म्हणाले, "मॅडम, कंपनीला एनसीएलटीत खेचायचंय. एकदा तिथली नोटीस गेली की पैसे येतात म्हणे." एनसीएलटी म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं जिथे चालतात ते न्यायाधिकरण.

कागद चाळताना मी एका ईमेलच्या प्रिंटआउटवर थांबले. कंपनीच्या परचेस विभागानं आठ महिन्यांपूर्वी लिहिलं होतं, तीनशे नगांपैकी चाळीस नगांचं बोअर मापात नाही, माल उचलून न्या. खाली या भोसरीच्या काकांचं उत्तर होतं: "ओके सर, बघतो." त्या एवढ्याशा देवाणघेवाणीनं त्यांचा एनसीएलटीचा रस्ता जवळजवळ बंद करून टाकला होता. का, ते पुढे येईलच.

पेपरात रोज एनसीएलटी, हेअरकट, रिझोल्यूशन प्लॅन हे शब्द येतात. आणि ओळखीतली बारावीची मुलं नि त्यांचे आईवडील मला विचारतात, दिवाळखोरीचा वकील म्हणजे बुडालेल्यांचा वकील ना? मग त्याला फी देतं कोण? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर देताना हे सगळं क्षेत्रच उलगडतं, म्हणून मुळापासून सुरुवात करते.

आधी गिरणीची गोष्ट

गावात एक पिठाची गिरणी आहे. मालकानं बँकेकडून कर्ज काढलंय, मोटारवाल्याचे पैसे राहिलेत, वीजबिल थकलंय, कामगाराचा तीन महिन्यांचा पगार बाकी आहे. एक दिवस बातमी फुटते की मालकाकडे पैसेच नाहीत. मोटारवाला येऊन मोटार काढून नेतो. दुसरा कोणी पट्टा आणि काटा उचलतो. बँक येते तेव्हा उरलेली असतात दोन दगडी पाती. भंगाराच्या भावानं सगळ्यांच्या हाती मिळून पन्नास हजार लागतात. तीच गिरणी चालू स्थितीत, गिऱ्हाईकांसकट विकली असती तर कदाचित पाच लाख आले असते.

दिवाळखोरीचा कायदा या एका अनुभवावर उभा आहे. जो आधी धावला त्याला मोटार, हे बंद करायचं. सगळ्यांनी हात मागे घ्यायचे, गिरणी चालू ठेवायची, चालवणारा नवा माणूस शोधायचा, आणि जे येईल ते ठरलेल्या रांगेनं वाटायचं. नवा माणूस मिळालाच नाही तर मग मोडीत.

आपल्याकडे हा कायदा २०१६ साली आला. त्याचं नाव नादारी व दिवाळखोरी संहिता. बोलताना सगळे आयबीसी म्हणतात, मीही तेच म्हणेन. कंपन्यांची प्रकरणं राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणासमोर, म्हणजे एनसीएलटीसमोर चालतात. मुंबईचं एनसीएलटी कफ परेडला टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीत आहे. त्याच्यावर दिल्लीचं अपील न्यायाधिकरण आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय.

याआधी काय होतं?

कायदे होते, आणि फार होते. आजारी कंपन्यांसाठी १९८५ चा कायदा आणि त्याखालचं बीआयएफआर मंडळ, बँकांसाठी १९९३ चं कर्जवसुली न्यायाधिकरण, तारण जप्त करायला २००२ चा सरफेसी कायदा, आणि कंपनी मोडीत काढायची तर उच्च न्यायालय. एकाच कंपनीची चार ठिकाणी चार प्रकरणं. मी शिकाऊ होते तेव्हा कंपनी बीआयएफआरमध्ये गेली, हे वाक्य ऐकलं की सिनियर फाइल बंद करून चहा मागवायचे, कारण तिथे नोंद झाली की बाकीच्या वसुलीला स्थगिती मिळायची आणि वर्षंच्या वर्षं जायची. खुर्चीवर मालक तोच. कारखान्यात गवत. जागतिक बँकेच्या तेव्हाच्या अंदाजानं भारतात अशा प्रकरणाला सरासरी ४.३ वर्षं लागत होती.

आयबीसीतला सगळ्यात मोठा बदल हा की प्रकरण दाखल करून घेतलं की त्याच दिवशी खुर्ची जाते. संचालक मंडळ बाजूला होतं आणि कंपनीचा कारभार इनसॉल्व्हन्सी प्रोफेशनल नावाच्या परवानाधारक व्यक्तीकडे येतो. पुढे मी त्याला कारभारी म्हणेन. आणि त्याच दिवशी 'मोरॅटोरियम' सुरू होतो, म्हणजे कंपनीविरुद्धचे दावे, जप्त्या, वसुल्या जिथे असतील तिथे थांबतात.

हे खरंच होतं का, याची पहिली परीक्षा पुण्याजवळच्या कंपनीवर झाली. आयसीआयसीआय बँकेनं इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीजविरुद्ध अर्ज केला आणि मुंबई एनसीएलटीनं १७ जानेवारी २०१७ ला तो दाखल करून घेतला. कंपनीचं म्हणणं असं की महाराष्ट्राच्या १९५८ च्या एका कायद्याखाली राज्य सरकारनं आमची देणी तूर्त स्थगित केली आहेत, म्हणजे आम्ही थकबाकीदार नाहीच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३१ ऑगस्ट २०१७ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की केंद्राचा नवा कायदा वरचढ ठरेल, आणि देणी फेडता येत नसतील तर जुन्या व्यवस्थापनाला खुर्ची धरून बसता येणार नाही. आम्हा वकिलांच्या पिढीसाठी तो निकाल म्हणजे पाटी कोरी होण्याचा दिवस होता.

आत जायचे तीन दरवाजे

कलम ७ चा दरवाजा पैसे उसने देणाऱ्यांचा, म्हणजे बँका, वित्तसंस्था, डिबेंचरधारक (कंपनीचे कर्जरोखे घेतलेले). कलम ९ चा माल किंवा सेवा पुरवणाऱ्यांचा. कलम १० मधून कंपनी स्वतःहून हात वर करू शकते. थकबाकी किमान १ कोटी हवी. ही मर्यादा आधी १ लाख होती, मार्च २०२० मध्ये ती वाढवली.

बँकेला फक्त कर्ज आणि थकबाकी दाखवायची असते. पुरवठादाराचं तसं नाही. त्यानं आधी मागणीची नोटीस द्यायची, दहा दिवस थांबायचं, आणि त्या नोटिशीच्या आधीपासून मालाबद्दल किंवा बिलाबद्दल खरा वाद असेल तर एनसीएलटी अर्ज फेटाळतं. एका टीव्हीवरच्या नृत्यस्पर्धेच्या फोन-मतदानाचं बिल थकलं होतं. त्या मोबिलॉक्स प्रकरणात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं हा नियम पक्का केला. वाद जिंकण्याइतका भक्कम असायची गरज नाही, तो नुसता हवेतला नसावा.

म्हणून भोसरीच्या काकांचा तो ईमेल. चाळीस नगांची तक्रार खरी की खोटी हे एनसीएलटी बघतच नाही. तक्रार होती, वेळेवर होती, आणि काकांनी ती खोडली नव्हती. त्याच दिवशी "चाळीस नग तपासले, माप ड्रॉइंगप्रमाणे आहे, रिपोर्ट जोडला आहे" अशा दोन ओळी लिहिल्या असत्या, तर माझ्या हाती काहीतरी असतं. गिऱ्हाईक दुखवायचं नाही म्हणून आपले लघुउद्योजक लेखी उत्तर टाळतात, फोनवर गोड बोलतात. मला त्यांची ती अडचण कळते. पण कोर्टात फोन उघडून दाखवता येत नाही.

मग वकील नेमका कोणाचा?

यातल्या प्रत्येकाचा वेगळा. बँकेचा वेगळा, पुरवठादाराचा वेगळा, खुर्ची गेलेल्या संचालकाचा वेगळा, कंपनी विकत घ्यायला आलेल्याचा वेगळा, कामगारांचा वेगळा, आणि कारभाऱ्याचाही. कारभारी आणि वकील यांत लोक गल्लत करतात. कारभारी कंपनी चालवतो. त्यासाठी वेगळी परीक्षा आणि ठरावीक वर्षांचा अनुभव लागतो, आणि तो वकील, सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंट यांपैकी कोणीही असू शकतो. वकील बाजू मांडतो.

फीचा प्रश्न इथे सुटतो. रांगेत सगळ्यात पुढे असतो तो प्रक्रियेचा खर्च, आणि कारभाऱ्यानं नेमलेल्या वकिलाची फी त्यात येते. ते ऐकून चीड येते हे मला माहीत आहे. पण गिरणीला कुलूप लागू नये म्हणून रात्रीचा वॉचमन ठेवला, तर त्याचा पगार आधी द्यावाच लागतो. नाहीतर सकाळी वाटायला मोटारच नसते.

कामाचा सर्वात जिवंत भाग मात्र कोर्टाबाहेर, हिशेबाच्या वह्यांत आहे. ताळेबंदाच्या मुख्य पानावर सगळं ठीकठाक दिसतं, खरी गोष्ट मागच्या टिपांमध्ये बारीक अक्षरात असते. समजा, कंपनी बुडायच्या आठ महिने आधी मालकाच्या मेहुण्याच्या फर्मचं जुनं कर्ज एकरकमी फेडलंय, आणि त्याच महिन्यात कामगारांचा पगार थांबलाय. असा व्यवहार शोधून काढला तर एनसीएलटी तो उलटवू शकतं, पैसे परत कंपनीत येतात. जवळच्यांशी झालेले व्यवहार दोन वर्षं मागे जाऊन तपासता येतात, परक्यांशी झालेले एक वर्ष. माझ्या पहिल्या अशा प्रकरणात मी तीन रात्री बँक स्टेटमेंटच्या ओळींवर पट्टी ठेवून बसले होते. जेव्हा ती एंट्री सापडली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या ज्युनियरला मी हाका मारून उठवलं.

रांगेत कोण आधी?

कंपनी मोडीत निघाली तर कलम ५३ ची रांग लागू होते. प्रक्रियेचा खर्च पहिला. मग एकाच पायरीवर दोघे: कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारणावर कर्ज देणारे, पण त्या तारणावरचा हक्क सोडून रांगेत आलेले. नंतर इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार, नंतर विनातारण कर्ज देणारे, नंतर सरकारी देणी, मग उरलेले, आणि शेवटी भागधारक. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा निधी या रांगेच्या बाहेर आहे, तो कोणालाही वाटून देता येत नाही.

काकांसारखा पुरवठादार 'उरलेले' या पायरीवर उभा असतो. कंपनीचं काय करायचं हे ठरवणारी जी समिती असते, कर्ज देणाऱ्यांची, तिच्यात त्याला मत नसतं. ६६ टक्के मतांनी ती समिती रिझोल्यूशन प्लॅन, म्हणजे कंपनी कोणी घ्यायची आणि कोणाला किती द्यायचं याची योजना, मंजूर करते आणि तिच्या व्यापारी निर्णयात न्यायालयं सहसा पडत नाहीत.

व्हिडिओकॉनचं प्रकरण मराठवाड्यात अजून निघतं, कारण पैठण रस्त्यावरच्या चितेगावच्या कारखान्यावर कितीतरी छोटे कारखाने जगत होते. मान्य झालेले दावे सुमारे ६४,८३८ कोटींचे. जून २०२१ मध्ये मुंबई एनसीएलटीसमोर आलेली योजना २,९६२ कोटींची. पुरवठादारांच्या वाट्याला मान्य दाव्याच्या ०.७२ टक्के. म्हणजे शंभर रुपयांमागे बहात्तर पैसे. दाव्यातली जी रक्कम सोडून द्यावी लागते तिला हेअरकट म्हणतात. एनसीएलटीनं योजना मंजूर करतानाच निकालपत्रात लिहिलं की हा हेअरकट म्हणायचा की मुंडण, आणि रक्कम वाढवा अशी विनंती केली. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणानं ती मंजुरी रद्द केली.

"म्हणजे मालक सुटला आणि बाकीचे बुडाले?"

हा आक्षेप मला रिक्षावाल्यापासून निवृत्त बँक मॅनेजरपर्यंत सगळे घेतात. अर्धा खरा आहे. एकूण हिशेब केला तर मंजूर योजनांतून दाव्यांच्या एक तृतीयांशाच्या आसपास रक्कम हाती आली आहे. पण ज्या कंपन्या या दारात येतात त्या येईपर्यंत पोखरलेल्या असतात. मोडीत काढल्या असत्या तर जे मिळालं असतं, त्यापेक्षा योजनांतून जास्त मिळालंय.

मालकाबद्दल तीन गोष्टी ध्यानात ठेवा. २०१७ च्या दुरुस्तीनं कलम २९अ आलं. कर्ज बुडवणारा मालक तीच कंपनी मागच्या दारानं स्वस्तात सहसा परत घेऊ शकत नाही. चेक बाउन्सचा खटला मोरॅटोरियममुळे कंपनीपुरता थांबतो, पण सही करणाऱ्या संचालकाविरुद्ध चालूच राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं. आणि तिसरी गोष्ट वैयक्तिक हमीची. कंपनीच्या कर्जाला ज्यानं स्वतःची हमी दिली, त्याच्यावर डिसेंबर २०१९ पासून स्वतंत्र कारवाई होऊ शकते. कंपनीची योजना मंजूर झाली म्हणून तो आपोआप मोकळा होत नाही.

इथे मला कळकळीनं सांगायचंय. छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांच्या फाइलींत हमीदार म्हणून बहुतेक वेळा बायकोची सही असते. बँकेत "इथे, इथे आणि इथे" म्हणून घेतलेली. दहा वर्षांनी नोटीस येते तेव्हा ती बाई विचारते, मी तर कंपनीत कधी पाऊल ठेवलं नाही. कायद्यापुढे त्या वाक्याला जवळजवळ किंमत नाही. सही करण्याआधी कोणाला तरी वाचायला द्या.

"आणि हे सगळं वेळेत होतं का?"

नाही. कायद्यात मूळ मुदत १८० दिवस, वाढवून २७०, आणि कोर्टबाजी धरून ३३०. अर्ज दाखल करून घ्यायचा की नाही हे चौदा दिवसांत ठरायला हवं. प्रत्यक्षात त्यालाच महिनेच्या महिने जातात, कारण सदस्य कमी आणि बोर्डावर प्रकरणं फार.

जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. जूनमध्ये प्रकरण मुंबई एनसीएलटीत आलं, २०२१ च्या जूनमध्ये योजना मंजूर झाली, मग पैसे आधी की परवाने आधी यावर तीन वर्षं भांडण चाललं. ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. गिरणीचा पट्टा काही वर्षं पडून राहिला तर धूळ बसते. विमान पडून राहिलं तर त्याची किंमतच उडते. उशिराचा खरा फटका बसला तो वैमानिकांना, ग्राउंड स्टाफला, ज्यांची देणी त्या भांडणात अडकली होती. हा कायदा मला मनापासून पटतो, म्हणूनच ही दिरंगाई मला जास्त लागते.

घर बुक केलेल्यांचं काय?

बिल्डरला दिलेले पैसे हे एक प्रकारचं उसनं देणंच आहे, असं २०१८ च्या दुरुस्तीनं मानलं आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ते उचलून धरलं. त्यामुळे फ्लॅट बुक करणारे बँकांच्या बरोबरीनं समितीत बसतात. मात्र स्वतः अर्ज करायचा तर एकाच प्रकल्पातले किमान १०० जण किंवा एकूण खरेदीदारांपैकी १० टक्के, यांतले जे कमी असतील तितके एकत्र यावे लागतात. आणि बिल्डरविरुद्धचं प्रकरण एनसीएलटीनं दाखल करून घेतलं की महारेराच्या आदेशावरची वसुलीही थांबते. म्हणून रागाच्या भरात शंभर सह्या गोळा करण्याआधी विचार करा, तुम्हाला घर हवंय की पैसे.

एरवीचं काम

दिवाळखोरी रोज येत नाही. एरवी आम्ही व्यापारी वाद लढतो. २०१५ च्या कायद्यानं व्यापारी न्यायालयं आली, २०१८ पासून ३ लाखांपुढचे वाद तिथे जातात. तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दावा लावण्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न करावाच लागतो. प्रतिवादीनं जास्तीत जास्त १२० दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, दिली नाही तर त्याचा हक्क संपतो. काकांचा दावा मी तिथेच लावला. लघुउद्योगांसाठीचा २००६ चा कायदाही हाताशी होता: ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवले तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज.

या वाटेनं यायचं असेल तर

बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं कायद्याचं शिक्षण, त्याआधी सीईटी, नंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. इथवरची माहिती कुठेही मिळेल. पुढची मिळत नाही. पहिली काही वर्षं पैशांची ओढाताण असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं ज्युनियरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली, पण ती शिफारसच आहे. सिनियर निवडताना हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा, लाजू नका.

कायद्याइतकाच हिशेब यायला हवा. कॉमर्सची मुलं इथे पुढे जातात, बाकीच्यांनी ताळेबंद वाचायला सीए मित्राकडून शिकावं. इंग्रजी लागतंच, एनसीएलटीचं काम इंग्रजीत चालतं. पण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी आवर्जून सांगते: कंपनीच्या जमिनीचा सातबारा, कामगारांचं हजेरीपुस्तक, युनियनची पत्रं, ही सगळी मराठीत असतात. मोठ्या लॉ फर्मचा वकील भाषांतराची वाट बघत असताना तुम्ही ती वाचून पुढे गेलेले असता.

काकांचं पुढे काय झालं

दावा सुरू झाला आणि वर्षभरात एका बँकेनं त्याच कंपनीविरुद्ध कलम ७ चा अर्ज केला. एनसीएलटीनं तो दाखल करून घेतला. मोरॅटोरियम लागला, आमचा दावा जिथे होता तिथे थांबला, आणि काका रांगेत 'उरलेले' झाले. अशा वेळी कारभाऱ्याला जाहीर सूचना द्यावी लागते, एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात. त्यात दावे सादर करायची शेवटची तारीख असते. पुरवठादारानं 'फॉर्म बी' भरायचा, कामगारानं 'फॉर्म डी', फ्लॅट बुक केलेल्यानं 'फॉर्म सीए'. भरायला फी नाही, वकीलही लागत नाही, जोडायला कागद मात्र लागतात.

काका सकाळी मराठी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. ती सूचना त्यांनीच पाहिली, निविदा आणि हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटांच्या जाहिरातींमध्ये, मुंगीएवढ्या अक्षरात. साडेआठला त्यांचा फोन आला, आणि दुपारी ते तीच कापडी पिशवी घेऊन माझ्या टेबलासमोर बसले होते. आम्ही एकेक चलन काढलं, एकेक इनव्हॉइस लावलं. त्या चाळीस नगांची रक्कम काकांनी स्वतःहून वजा केली आणि फॉर्म बी संध्याकाळी पाठवला.